टाकीच्या झाकणातले भोक

गोड्या तेलाचा सीलबंद डबा फोडताना वाणी एका कोपऱ्याला खिळ्याने भोक पाडतो आणि लगेच समोरच्या कोपऱ्याला दुसरे, पहिल्याहून लहान भोक पाडतो. पहिल्यातून तेल बाहेर यावयाचे असते, दुसऱ्यातून हवा आत जावयाची असते, आणि हे दुसरे भोक राहून गेले तर धार गचके देत, अडखळत येते व अखेरीस येईनाशी होते. मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाकीलाही अशीच दोन भोके असतात. त्यांपैकी खालचे, कॉकाच्या तोंडाशी असलेले, प्रत्येक मालकाला ठाऊक असते. वरचे, झाकणाच्या पोटात दडलेले, ज्याला गॅरेजमधील मंडळी ‘एअर होल’ म्हणतात, त्याची ओळख बहुतेकांना गाडी आडरस्त्यात बंद पडून आणि दोन-तीन गॅरेजे पालथी घालून झाल्यावरच होते. बळीराजाच्या कथेतील शुक्राचार्य झारीच्या तोटीत शिरून बसला होता, म्हणून तो दर्भाच्या टोकाने सापडला. हा शुक्राचार्य तोटीत नसतो, आणि आपण मात्र तोटीच टोचत राहतो. हे वरचे भोक बुजण्याच्या दोषाची कारणे, लक्षणे, त्याच्यासारखे भासणारे इतर दोष आणि त्याच्या शोधाची रीत यांचा एकत्र विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. माझे मत आरंभीच नमूद करतो: हा दोष ओळखण्यास कठीण मुळीच नाही, परंतु तो गॅरेजच्या दारापर्यंत टिकत नाही, म्हणून त्याचा पंचनामा गाडी बंद पडल्या जागीच झाला पाहिजे.

कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल टाकीतून खाली येते ते केवळ स्वतःच्या वजनाने. टाकीतील पेट्रोलची पातळी आणि कार्बोरेटरच्या वाटीतील पातळी यांत अंतर असते ते फार तर वीस-पंचवीस सेंटिमीटरचे. टॉरिचेल्लीने सतराव्या शतकात दाखवून दिले की, वातावरणाचा दाब पाऱ्याचा सुमारे ७६ सेंटिमीटर उंच स्तंभ तोलून धरतो. पेट्रोल पाऱ्याहून कितीतरी हलके असल्यामुळे तोच दाब पेट्रोलचा सुमारे १४ मीटर उंचीचा स्तंभ तोलून धरू शकतो. आता १४ मीटरांपुढे पंचवीस सेंटिमीटर म्हणजे किती, तर छपन्नावा हिस्सा. टाकीतील दाब बाहेरच्या दाबापेक्षा केवळ दोन टक्क्यांच्या आत-बाहेर उतरला, की टाकी अर्धी भरलेली असूनही कॉकातून थेंब पडत नाही. इतक्या नाजूक तोलावर आपल्या गाडीचे चालणे अवलंबून असते, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे पुढचे सारे आपोआप उलगडत जाते.

टाकीत पेट्रोलच्या वर तीन लिटरांची मोकळी जागा आहे आणि वरचे भोक पुरते बुजले आहे, असे धरू. पन्नास-पंचावन्न मिलिलिटर पेट्रोल खर्च झाले, की आतली हवा तेवढी विरळ होऊन हा तोल साधला जातो; लिटरला पन्नास किलोमीटर देणारी गाडी तेवढ्यात अडीच-तीन किलोमीटर जाते. प्रत्यक्षात मोकळ्या जागेत हवेबरोबर पेट्रोलची वाफही असते आणि दाब घटला की आणखी वाफ तयार होऊन ती तूट काही अंशी भरून काढते, त्यामुळे हे अंतर सुमारे दुप्पट होते. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर मोकळी जागा थोडी, म्हणून दोष लवकर प्रकट होतो. टाकी रिकामी होत आली असेल तर उशिरा. ‘पंपावर पेट्रोल भरले आणि तेव्हापासून गाडी बंद पडू लागली, पेट्रोलच भेसळीचे होते’ ही फिर्याद पुष्कळदा येथून उद्भवते. भेसळ असू शकते, हे मी नाकारीत नाही. परंतु तो आरोप करण्यापूर्वी झाकण तपासावे.

भोक पूर्ण बुजले नसेल, नुसते आकसले असेल, तर प्रकार अधिक फसवा होतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी, वरच्या हिशेबातली गाडी मिनिटाला सुमारे वीस मिलिलिटर पेट्रोल घेते, म्हणजे दर पंधरा सेकंदांना चहाच्या चमच्याएवढी हवा आत जावयास हवी. चाळीसच्या वेगाने ही गरज भागते आणि गाडी दिवसभर निर्वेध चालते. सत्तरच्या वेगाने किंवा पाठीमागे माणूस बसवून घाट चढताना भागत नाही आणि गाडी आचके देऊ लागते. मालक सांगतो, ‘गावात ठीक चालते, हायवेला मिसिंग मारते’. मिस्त्री गावातच एक फेरी मारून येतो आणि गाडी ठीक असल्याचा निर्वाळा देतो. दोघेही खरेच बोलत असतात.

या दोषाचा मला आलेला अनुभव सांगतो. माझी शंभर सी.सी.ची चार स्ट्रोकची गाडी एका पावसाळ्यात घरापासून सात-आठ किलोमीटरांवर नेमाने बंद पडू लागली. आधी किंचित ओढ कमी होई, मग दोन-चार आचके, मग स्तब्धता. पाच-सात मिनिटे रस्त्याच्या कडेला थांबले की एका किकमध्ये चालू. एका गॅरेजने प्लग बदलला, दुसऱ्याने कार्बोरेटर खोलून जेट फुंकले, तिसऱ्याने इग्निशन कॉइल नवी बसविली. प्रत्येक वेळी गाडी त्यांच्या दारातून उत्तम निघाली आणि सात-आठ किलोमीटरांवर पूर्ववत थांबली. एकदा ती इगतपुरीच्या अलीकडे एका पंक्चरवाल्याच्या टपरीसमोर थांबली. त्या गृहस्थाने हत्यार हाती घेतले नाही. ‘किल्ली द्या’ म्हणून त्याने टाकीच्या झाकणाला कान लावला आणि किल्ली अगदी हळू फिरविली. ‘सुस्स’ असा बारीक, लांबलेला आवाज आला, तो मीही ऐकला. झाकण पुन्हा लावून त्याने किक मारण्यास सांगितले. दोन-तीन किकांत, वाटी भरेपर्यंतच काय तो वेळ, गाडी चालू झाली. झाकण उलटे करून त्याने आतली रबरी चकती नखाने उचलली, तेव्हा तिच्याखाली हिरवट-करड्या चिकट लगद्याने भरलेले, टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र दिसले. वर रेक्झिनचे टँक कव्हर होते, त्याची झडप झाकणावर घट्ट बसत होती. तिच्याखाली ओल, धूळ आणि पॉलिश यांचा हा साका महिनोन्महिने साचला होता. एक काडी आणि थोडे पेट्रोल, एवढ्यावर काम झाले. कॉइलीचे पैसे व्यर्थ गेल्याचे दुःख मला नाही. परंतु तीन अनुभवी माणसांनी मन लावून काम करूनही दोष हाती लागला नाही, याचे कारण शोधावेसे वाटले.

ते कारण असे की, दोष दाखविणारा पुरावा वेळेबरोबर नाहीसा होतो. बुजलेल्या भोकातून, चकतीच्या फटीतून हवा हळूहळू झिरपत असतेच; गाडी उभी राहिली की पाच-दहा मिनिटांत आतला-बाहेरचा दाब जुळतो. गॅरेजमध्ये मिस्त्री टाकीत पेट्रोल किती आहे हे पाहण्यासाठी पहिल्याच झटक्यात झाकण उघडतो आणि उरलासुरला मुद्देमाल तेथेच नष्ट होतो. म्हणून गाडी बंद पडताच पहिली गोष्ट करावयाची ती ही: कॉक, चोक, प्लग यांपैकी कशालाही हात न लावता झाकणाजवळ कान नेऊन ते सावकाश उघडावे. हवा आत ओढली जाण्याचा आवाज आला आणि त्यानंतर थोडक्या किकांत गाडी चालू झाली, तर तपासाचा बहुतांश भाग संपला. मात्र आवाजाची दिशा पारखली पाहिजे. उन्हात तापलेल्या टाकीतून वाफ बाहेर येतानाही असाच आवाज होतो. त्या वेळी हातावर झुळूक लागते आणि पेट्रोलचा दर्प येतो, आत ओढल्या जाणाऱ्या हवेला तो नसतो. काही झाकणांत हवेच्या वाटेवर झडप असते, ती उघडण्यास थोडा दाबफरक लागतोच, तेव्हा अगदी पुसट आवाज हा दोषाचा दाखला मानू नये. खात्री करून घेण्यासाठी दर दोन किलोमीटरांवर थांबून झाकण एकदा उघडून पुन्हा लावावे. नेहमीच्या जागी गाडी बंद पडली नाही, तर संशयाला जागा उरत नाही. झाकण काढून ठेवून गाडी चालविण्याची रीत काही ठिकाणी सांगितली जाते. तिचा अवलंब कोणी करू नये.

तोतये पुष्कळ आहेत, आणि त्यांतील सर्वांत हुबेहूब म्हणजे इग्निशन कॉइल. तीही तापल्यावर दगा देते आणि निवल्यावर शहाण्यासारखी वागते. परंतु कॉइल गेली की गाडी दिवा मालवावा तशी एकदम बंद होते. पेट्रोल तुटले की ती आधी क्षीण होते, गचके देते, आणि त्या क्षणी चोक ओढला तर घटकाभर सावरते, कारण वाटीत उरलेले थोडे पेट्रोल अधिक प्रमाणात ओढले जाते. बंद पडताच प्लग काढून पाहिला तर तो कोरडा असतो, आणि इंजिनाच्या धातूला टेकवून किक मारली तर ठिणगी स्वच्छ पडते. ठिणगी नसेल तर झाकणाचा विचार सोडून विजेच्या बाजूला वळावे. टाकीतील गंज, कॉकाच्या जाळीत अडकलेला कचरा आणि मधला फिल्टर यांचा अडथळा झाकण उघडल्याने कमी होत नाही, हा भेद सोपा आहे. ज्या गाड्यांत कॉक इंजिनाच्या ओढीने उघडतो, त्यांत त्याचा पडदा फाटला म्हणजेही पेट्रोल तुटते. तेथेही झाकणाने फरक पडत नाही.

ज्याला अनुमानापेक्षा मोजमाप अधिक पटते, त्याने घरच्या अंगणात एक प्रयोग करावा. इंजिन पूर्ण थंड असताना, मोकळ्या हवेत, आसपास विस्तव वा विडीकाडी नसताना, कार्बोरेटरच्या वाटीखालचा निचऱ्याचा स्क्रू सैल करून नळीने पेट्रोल धातूच्या भांड्यात सोडावे आणि धारेकडे लक्ष द्यावे. आरंभी धार भरून येते ती वाटीतील साठ्याची; नंतर येते ती टाकीतील. ती अखंड राहिली तर वायुमार्ग मोकळा आहे. ती बारीक होत होत थेंबांवर आली आणि झाकण उघडताच पुन्हा भरून आली, तर दोष झाकणात. झाकण उघडूनही बारीकच राहिली, तर दोष खाली कॉकात, फिल्टरात किंवा नळीत. एकाच भांड्यात दोन्ही भोकांची जबानी मिळते. माझ्या मते या दोषासाठी याहून निर्णायक परीक्षा नाही, आणि तिला एका स्क्रूड्रायव्हरपलीकडे हत्यार लागत नाही.

झाकणांच्या जाती अनेक आहेत. जुन्या गाड्यांत पत्र्याच्या दोन थरांमधून वाकडीतिकडी वाट काढलेली असे, जेणेकरून हवा आत जावी पण हिंदकळलेले पेट्रोल सहजी बाहेर येऊ नये. म्हैसूरला १९६१ पासून तयार होऊ लागलेल्या जावा आणि पुढच्या येझदी यांच्या टाकीत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागे. ते उडून त्या वाटेत चिकटे आणि त्यावर धूळ बसे. पुढे झाकणाला कुलूप आले, त्याबरोबर छोटा गोळा किंवा स्प्रिंगची झडप आली: हवा आत येऊ द्यावी, गाडी आडवी पडल्यास पेट्रोल अडवावे. हा गोळा गंजून चिकटतो. कुलूप सैल व्हावे म्हणून भरलेले ग्रीस त्याच्यावर जाऊन बसते. टाकीत सपाट बसणाऱ्या, विमानाच्या धर्तीच्या झाकणांत दोन निरनिराळ्या वाटा असतात, एक हवेची आणि एक झाकणाभोवती साचणाऱ्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याची, आणि दोन्हींच्या नळ्या टाकीतून खाली उतरतात. पहिली बुजली तर गाडी थांबते. दुसरी बुजली तर झाकणाभोवती तळे होऊन पाणी टाकीत उतरते. सर्व्हिसिंगला टाकी काढून पुन्हा बसविताना या नळ्या चेपल्या जाणे फार साधारण आहे, आणि गाडी महिनाभर अंगणात उभी असेल तर कुंभारीण माशी नळीच्या तोंडात मातीचे घर बांधते, हेही साधारणच. टाकीला नवा रंग दिला असता झाकणाचे छिद्र रंगाने भरणे, बाजारू झाकणाला मुळात छिद्रच नसणे, नवी रबरी चकती उलटी बसणे, टाकीवर बांधलेली प्रवासी बॅग झाकणावर दडपून बसणे, ही उरलेली कारणे. गाडी ठीक चालत असताना अमुक काम केले आणि तेव्हापासून बिघडली, असा ज्या दोषाचा इतिहास असेल, तेथे त्या कामाची तारीख हाच पहिला पुरावा धरावा.

हवामानाचा या दोषाशी असलेला संबंध सर्वांत अधिक दुर्लक्षिला गेला आहे. तापलेल्या टाकीवर पावसाची जोराची सर येते तेव्हा आतील वाफ थंड होऊन पुष्कळशी द्रवरूप होते आणि दाब एकाएकी खाली येतो. भोक बुजलेले असेल तर गाडी तेथेच थांबते. बघणारा म्हणतो प्लगमध्ये पाणी गेले, आणि बहुधा तेही खरे असते. परंतु प्लग कोरडा निघाला, तर टाकीवर संशय घ्यावा. घाटाचेही तसेच आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तेथून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरताना बाहेरच्या हवेचा दाब दहा टक्क्यांहून अधिक वाढतो. वर घट्ट झाकलेली टाकी खाली येताना आतल्या पातळ हवेसह येते आणि, कोकणच्या उष्म्याने पेट्रोल तापून तिची भरपाई केली नाही तर, हा फरक पेट्रोल थांबविण्यास लागणाऱ्या फरकाच्या कितीतरी पट होतो. उतारावर इंजिनाला पेट्रोल फारसे लागत नाही, म्हणून दोष लपून राहतो आणि घाट संपून सपाटीवर थ्रॉटल दिला की प्रकट होतो.

आता उलट बाजू. वैशाखात गाडी उन्हात उभी असता टाकीला हवा आत घेण्याची नव्हे, तर वाफ बाहेर सोडण्याची गरज असते. पेट्रोल दर अंशाला सुमारे एक सहस्रांश फुगते. दहा लिटरांचे पेट्रोल तीस अंशांनी तापले तर पाव लिटरहून अधिक वाढते. टाकी गळ्यापर्यंत भरली असेल तर ते जाईल कोठे? वाट बंद असेल तर ते दाबाखाली राहते, फ्लोटच्या सुईवर मात करून कार्बोरेटरमधून ओघळते, किंवा झाकण उघडताच अंगावर उसळते. पेट्रोलची वाफ शून्याखालच्या सुमारे ४० अंशांवरही पेट घेऊ शकते आणि हवेहून जड असल्यामुळे ती तापलेल्या इंजिनाकडेच उतरते. म्हणून उन्हातून आणलेल्या गाडीचे झाकण एका दमात उघडू नये, आणि मानेच्या आतली पट्टी बुडेल इतके पेट्रोल कधीही भरू नये.

इंजेक्शनच्या गाड्यांनी या प्रश्नाचे रूप पालटले, प्रश्न मिटविला नाही. त्यांत टाकीतला पंप सुमारे तीन बारांचा दाब देतो, तेव्हा दोन-चार टक्क्यांच्या तुटीने गाडी थांबत नाही. दोष अधिक वाढू लागला म्हणजे पंपाचा सूर चढतो, कमी दाबात पेट्रोल फसफसून वाफ पंपात शिरते आणि गाडी गरम असतानाच ओढ सोडते. बाष्पाच्या प्रदूषणाचे बंधन अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९८० च्या दशकात मोटारसायकलींना लावले. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून सर्वत्र लागू झालेल्या भारत स्टेज-४ आणि १ एप्रिल २०२० च्या भारत स्टेज-६ या दंडकांबरोबर कोळशाचा डबा, म्हणजे कॅनिस्टर, दुचाकीवर आला. टाकीची वाफ उघड्यावर न जाता या डब्यातील कोळशात मुरते आणि इंजिन चालू असता तेथून ओढून जाळली जाते. व्यवस्था उत्तम आहे. मात्र तिने वायुमार्ग लांब केला आणि त्यात बिघाडाच्या जागा वाढविल्या. टाकी ओसंडेपर्यंत भरली तर द्रव पेट्रोल डब्यात उतरून कोळसा भिजवते. मग गाडी भरल्यानंतर चालू होण्यास कुरकुरते आणि पेट्रोलचा वास सोडते. डब्याचे बाहेरच्या हवेचे तोंड चिखलाने भरले, तर टाकीचा श्वास कोंडतो आणि जुन्या झाकणाचाच दोष नव्या जागी उभा राहतो. झाकण निर्दोष निघाले म्हणून तेथे तपास थांबवू नये.

कार्बोरेटरच्या वाटीलाही स्वतःची हवेची नळी असते, तिचा उल्लेख केल्यावाचून हा आढावा अपुरा राहील. ही नळी चेपली, किंवा मुंबईसारख्या शहरात तुंबलेल्या पाण्यात तिचे टोक बुडाले, की वाटीतील पेट्रोल जेटमधून वर चढत नाही आणि टाकी, झाकण, कॉक सारे निर्दोष असूनही इंजिन थांबते. पाण्यातून बाहेर काढून नळी झटकली की ते चालू होते.

उपायांविषयी थोडक्यात. झाकण काढून चकती उचलावी, छिद्र मऊ ब्रशाने व पेट्रोलने धुवावे, बाहेरून आत या दिशेने हवा जाते की नाही हे स्वच्छ नळी लावून हातपंपाने पाहावे. तोंड लावू नये. गोळा चिकटला असेल तर झाकणच बदलावे. भोक मोठे करण्यासाठी ड्रिल मारण्याचा जो प्रघात आहे, तो मला सर्वथा अमान्य आहे. दर पंधरा सेकंदांना चमचाभर हवेसाठी मोठे भोक लागत नाही. गाडी पडली तर त्यातून पेट्रोल वाहते, आणि पावसाळ्यात त्यातून पाणी जाते. हल्लीच्या इथेनॉल-मिश्रित पेट्रोलला तर पाण्याचे सख्य फारच.

सर्व्हिसिंगच्या छापील तक्त्यात ऑइल, चेन, ब्रेक, प्लग यांचे रकाने असतात. त्यांत ‘झाकणाचे एअर होल तपासले’ असा एक रकाना गाड्या बनविणाऱ्यांनी आणि गॅरेजवाल्यांनी घालावा, अशी माझी विनंती आहे. आणि वाचकांस एवढेच सांगणे की, गाडी रस्त्यात आचके देऊन थांबली तर खिशातला फोन काढण्यापूर्वी टाकीच्या झाकणाला कान लावावा, आणि जे ऐकू येईल ते मिस्त्रीला जसेच्या तसे सांगावे.